दर पावसाळ्यात सर्वो ड्राइव्ह ट्रिप: सील केलेल्या पॅनेलमध्ये पाणी येतं कुठून?

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपमधून गेल्या जुलैत फोन आला. व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं उभ्या स्पिंडलचं मशीन, त्यावर पंपाच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडी चालतात. एक्स अक्षाचा सर्वो ड्राइव्ह (टेबल सरकवणाऱ्या मोटरला हवी तशी वीज देणारं उपकरण) तीन वर्षांत दोनदा बदललेला, आणि आता तिसऱ्यानेही ट्रिप व्हायला, म्हणजे अलार्म देऊन बंद पडायला सुरुवात केलेली. मालकांचं ठाम मत, "हल्ली ड्राइव्हची क्वालिटीच राहिली नाही." त्यांच्या इलेक्ट्रिशियनचं मत, व्होल्टेज खालीवर होतंय. त्यासाठी स्टॅबिलायझर आला, अर्थिंगचा खड्डा नवा झाला, पॅनेलला चहूबाजूंनी सिलिकॉन मारून झालं. ट्रिप तशीच.

मी फोनवर एकच विचारलं, अलार्म किती वाजता येतो?

"सकाळीच येतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तर नक्कीच. दोन-तीनदा रिसेट केला की मग दिवसभर काही नाही."

हे उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. अलार्मचा नंबर सगळे सांगतात, वेळ कोणी सांगत नाही. माझ्या अनुभवात वेळ जास्त बोलते. मेन चालू केल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत ट्रिप होऊन मशीन तापल्यावर बरं होत असेल, तर ओलावा. सकाळी नीट चालून दुपारी दोन-तीनला बंद पडत असेल, तर उष्णता: पॅनेलचा एसी, ड्राइव्हचे पंखे, हीट सिंकमध्ये (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत) बसलेली धूळ. टेबल एका ठरावीक जागी गेल्यावरच अलार्म येत असेल तर केबल चेनमध्ये (टेबलाबरोबर हलणाऱ्या केबलच्या साखळीत) तुटत आलेली केबल. आणि कुलंट (कापताना जॉबवर सोडायचं गार द्रावण) सुरू केल्यावरच येत असेल तर मोटरचा किंवा एन्कोडरचा (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर उघडून बघा, आत ओल सापडेल. ऑपरेटरच्या हातात एक वही द्या, आठवडाभर फक्त वेळ आणि काम काय चालू होतं एवढं लिहायला सांगा. पन्नास पानी मॅन्युअलपेक्षा ती वही लवकर उत्तर देते.

पॅनेल उघडलं ते सकाळी साडेसहाला

मुद्दाम पाळी सुरू होण्याआधी गेलो. आदल्या दिवशी सुट्टी होती, रात्रभर पाऊस. मशीनचा मेन बंदच होता, तरी मीटरने खात्री केली. हे प्रत्येकाने करावं. मेन बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाइनवर (डीसी बस) कपॅसिटरमुळे जीवघेणं व्होल्टेज काही मिनिटं राहतं. ड्राइव्हवर लिहिलेली वेळ थांबा, चार्जचा दिवा विझू दे, मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून बघा, आणि त्यानंतरच आत हात घाला.

दार उघडताच ओल्या फडक्याचा कुबट वास आला. वरच्या बाजूला सगळं कोरडं दिसत होतं, म्हणून इलेक्ट्रिशियनने लगेच "बघा, काही नाही" म्हटलं. मी खिशातला टिश्यू पेपर काढून ड्राइव्हच्या हीट सिंकच्या फिन्सवरून खाली ओढला. कागद भिजला. मग टॉर्च तिरकी धरली तर फिन्सच्या खालच्या कडेला मोहरीएवढे थेंब ओळीने लटकलेले. त्यांच्या बरोबर खाली पॉवर टर्मिनल, आणि दोन टर्मिनलांच्या मध्ये हिरवट पांढरी साय धरलेली. पॅनेलच्या तळाला तर चक्क डबकं होतं, पत्र्यावर पाण्याच्या तीन रेघा, जणू तीन पावसाळ्यांच्या पूररेषा. दारावर मात्र दिमाखात स्टिकर: आयपी ६५.

मालक म्हणाले, "अहो, आयपी ६५ म्हणजे पाणी जाणारच नाही ना?"

आयपी ६५ म्हणजे काय?

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी अडीच-तीन मीटरवरून मारलं तरी अपाय होत नाही. चाचणी होते साध्या पाण्याने, काही मिनिटं, नव्या गास्केटवर. तुमच्या कुलंटने पाच वर्षांत कडक झालेल्या रबराबद्दल हा आकडा काही सांगत नाही. आतल्या हवेचंच पाणी झालं तर काय, हा प्रश्न त्या चाचणीत येतच नाही. आयपी ६५ पॅनेलमध्ये बाहेरून एक थेंब न जाताही डबकं होऊ शकतं, आणि इथे तेच झालं होतं.

हिशेब सोपा आहे. हे पॅनेल १८०० मिलिमीटर उंच, ८०० रुंद, ४०० खोल. आत साधारण ५७६ लिटर हवा. एसी क्षणभर बाजूला ठेवू, आणि मशीन चालू असताना आतलं तापमान ४५ अंश धरू, रात्री बंद झाल्यावर २८. गार होताना हवा आक्रसते, सुमारे ३० लिटरने. तेवढी जागा भरायला बाहेरची हवा आत ओढली जाते. कोणी म्हणेल, आम्ही सगळं सिलिकॉनने बंद केलंय, हवा शिरेल कुठून? तर मग आत निर्वात तयार होईल, आणि त्या दाबाच्या फरकाने एवढ्या दारावर पाऊण टनाहून जास्त भार येईल. पत्र्याचं दार आणि फोमचं गास्केट हा भार सोसत नाहीत. कुठून तरी फट पडतेच. पॅनेल रोज रात्री श्वास आत घेतं आणि रोज सकाळी सोडतं. सिलिकॉनने त्याचं नाक दाबता येत नाही.

जुलैतली कोल्हापुरी हवा, २८ अंश आणि ९० टक्के ओलावा. अशा ३० लिटर हवेत पाऊण ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. एका रात्रीचं पाऊण ग्रॅम काहीच नाही. पण सकाळी श्वास सोडताना ते सगळं बाहेर जात नाही, थोडं आत दव होऊन राहतं आणि उद्या त्यात भर पडते. महिना-दोन महिन्यांत ते ड्राइव्ह जाळायला पुरतं.

दव कधी धरेल याचा हाताशी ठेवायचा अंदाज सांगतो. १०० मधून ओलाव्याची टक्केवारी वजा करा, पाचाने भागा, आणि तेवढे अंश तापमानातून कमी करा. २८ अंश आणि ९० टक्के असेल तर १० भागिले ५, म्हणजे २. २६ अंशाच्या खाली जी वस्तू असेल तिच्यावर पाणी जमणार. कोरड्या हवेला हा हिशेब चुकतो, पावसाळ्यात मात्र चालतो. हीट सिंक, ट्रान्सफॉर्मर, जाड माउंटिंग प्लेट या जड वस्तू रात्रभर गार होतात आणि सकाळी हवा तापली तरी मागे राहतात. शटर वर झालं, झाडलोट झाली, फरशी पाण्याने धुतली, हवा दमट झाली, आणि हीट सिंक अजून गारच. नेमकं त्याच वेळी कोणीतरी मेनचं हँडल वर करतं.

आता त्या शॉपमधल्या चुका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यातल्या निदान दोन तरी तुमच्याकडे असतील.

सर्वात मोठी चूक सिलिकॉनची. पॅनेलच्या तळाला बनवणाऱ्याने एक भोक ठेवलेलं असतं, त्यात ड्रेन प्लग असतो. पाणी खाली उतरून जावं आणि हवेला रीतसर वाट असावी म्हणून. इलेक्ट्रिशियनने "इथून ओल येते" म्हणून तेच भोक आधी बुजवलं होतं. पाणी येण्याच्या वाटा राहिल्या, जाण्याची बंद. पहिला ड्राइव्ह जळण्याआधी पाण्याची रेघ होती की नाही कोणास ठाऊक, तळाचं डबकं मात्र सिलिकॉननंतरचं आहे हे ऑपरेटरनेच सांगितलं.

दुसरी चूक एसीची. पॅनेलचा एसी २२ वर. का? तर "जितकं गार तितकं चांगलं." आत्ताच काढलेला दवबिंदू २६ आहे हे लक्षात घ्या. २२ वर ठेवलेल्या पॅनेलचं दार भर पावसाळ्यात उघडणं म्हणजे फ्रीजमधली पाण्याची बाटली ओट्यावर ठेवण्यासारखं. ड्राइव्हना ३५ अंश चालतं, पॅनेलच्या एसीचं सेटिंग तेवढंच ठेवायचं. एसी चालू असताना हवा कोरडी करतो हे खरं, पण कधी? दार बंद आणि त्याची पाण्याची नळी मोकळी असेल तर. इथली नळी शेवाळाने तुंबलेली होती. कॉइलवरचं पाणी तिथेच राहायचं, मेन बंद झाला की पुन्हा वाफ होऊन पॅनेलमध्येच फिरायचं.

तिसरी सापडली ती उदबत्तीने. मशीन थांबवलेलं, दार बंद, एसीचा पंखा चालू. उदबत्ती पेटवून ग्लँड प्लेट (केबल जिथून आत येतात ती प्लेट), दाराच्या कडा आणि केबल कंड्युटच्या तोंडाभोवती हळूहळू फिरवली. धूर एका जागी सरळ आत ओढला गेला. केबल चेनमधून येणाऱ्या लवचिक नळीचं तोंड पॅनेलच्या तळात उघडत होतं, आणि भोवतीच्या फटीत कॉटन वेस्ट कोंबलेलं. त्या नळीचं दुसरं टोक कुठे? मशीनिंगच्या कप्प्याशेजारी. म्हणजे पॅनेल रोज रात्री नुसती हवा ओढत नव्हतं, कुलंटचं धुकं आणि त्यात तरंगणारी बीडाची बारीक भुकटीही ओढत होतं. बीडाची भुकटी वीज वाहून नेते. ओलाव्यावर ती बसली की टर्मिनलमध्ये काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

दाराचं गास्केट तपासायला उदबत्तीही लागत नाही. पॅनेलच्या कडेला पांढरा खडू फिरवा, दार लावा, कुलूप फिरवा, उघडा. गास्केटवर खडूची अखंड रेघ उमटली पाहिजे. इथे खालच्या बिजागरीजवळ वीतभर रेघ गायब होती. दार लोंबलेलं. बिजागरीचे बोल्ट सैल करून दार उचललं, घट्ट केलं, रेघ पूर्ण. नवीन गास्केट लागलंच नाही.

काय केलं

तळाचं सिलिकॉन खरवडून काढलं आणि भोकात नवा ड्रेन प्लग बसवला. बाजूला वरच्या भागात दाब समतोल करणारा व्हेंट प्लग लावला, ज्याच्या पडद्यातून हवा जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. श्वास घ्यायचाच असेल तर या नाकाने घे, असं पॅनेलला सांगितल्यासारखं. कंड्युटच्या तोंडाला केबलच्या जाडीचे ग्लँड, जिथे ते शक्य नव्हतं तिथे डक्ट पुट्टी. रिकामी भोकं ब्लँक प्लगने बंद. केबल जिथे आत शिरतात तिथे बाहेर खाली झोळ दिला, पाणी केबलवरून ओघळत आलं तरी झोळाच्या तळाशी गळून पडेल. एसी ३५ वर, नळी साफ.

मग हीटर. पॅनेलमध्ये तळाजवळ १०० वॉटचा अँटी-कंडेन्सेशन हीटर आणि त्याला हायग्रोस्टॅट, ६५ टक्क्यांवर चालू होणारा. एवढ्या मापाच्या रंगवलेल्या पत्र्याच्या पॅनेलला १०० वॉटने आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चारेक अंश वर राहतं. तेवढं पुरे. २६ अंशाची ९० टक्के ओल असलेली हवा ३० अंशांवर नेली की ओलावा ७१ टक्क्यांवर येतो, दव धरायचा प्रश्नच मिटतो. पण हीटरची लाइन मेनच्या आधीपासून घेतली पाहिजे, स्वतंत्र एमसीबीवर. मशीन बंद असतानाच त्याची गरज आहे. मी अशी पॅनेल पाहिली आहेत जिथे हीटर मशीनच्या मेननंतर जोडलाय. दिवसभर तापतो, रात्री झोपतो. आणि मेन बंद असतानाही ही लाइन जिवंत राहते, म्हणून पॅनेलच्या दारावर तसा ठळक बोर्ड लावा, वायर वेगळ्या रंगाची घ्या.

बल्बचा जुगाड सगळ्यांना माहीत आहे, पॅनेलमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब सोडायचा. तत्त्व बरोबर, आणि अडल्यावेळी मीही केलंय. फक्त बल्बची काच केबलला टेकली तर इन्सुलेशन वितळतं, आणि तो कधी उडाला ते कोणाला कळत नाही. सिलिका जेलच्या पिशव्यांबद्दल एवढंच, की पावसाळ्यात त्या दोन-चार दिवसांत भरतात, नंतर नुसत्या पडून असतात.

ओल धरलेला ड्राइव्ह लगेच चालू करू नका. हीटर लावून किंवा हेअर ड्रायर लांबून धरून पूर्ण वाळवा, टर्मिनलची साय कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ब्रशने काढा. मोटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) बघा, पण मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवूनच. ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारला तर ओलाव्याने वाचलेला ड्राइव्ह तुम्ही मारलात. एन्कोडरच्या पिनांवर तर मेगर कधीच नाही. वाइंडिंग १ मेगाओहमच्या खाली असेल तर ती मोटर लावू नका. इथली शंभरच्या वर होती.

"आलाच आहात तर एक्स अक्षही बघा"

हे वाक्य प्रत्येक ठिकाणी येतं. एक्समध्ये मिलिमीटरचे चार शतांश लॉस्ट मोशन होती, म्हणजे दिशा बदलताना टेबल तेवढं मागे राहायचं, आणि आधीच्या माणसाने कंट्रोलमधला बॅकलॅशचा (हा ढिलेपणा भरून काढणारा) पॅरामीटर वाढवून ती झाकली होती. मधे ठीक, टोकाला माप जास्त दुरुस्त होऊन उलटं चुकायचं. पॅरामीटरने झीज भरून येत नाही, फक्त लपते, आणि झीज सगळीकडे सारखी नसते.

लॉस्ट मोशन नेमकी कुठे आहे हे कळायला बॉल स्क्रूच्या (टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीसने एक स्टीलची गोळी चिकटवा, त्यावर सपाट टोकाचा डायल लावा. दुसरा डायल टेबलावर. आता हँडव्हीलने अक्ष पुढे-मागे करा. गोळीवरचा डायल हलला तर स्क्रू स्वतःच अक्षाच्या दिशेने सरकतोय, म्हणजे सपोर्ट बेअरिंग किंवा त्याचा लॉकनट. गोळीवरचा काटा स्थिर आणि टेबल मात्र दिशा बदलताना अडखळतंय, तर आधी मोटर आणि स्क्रूमधल्या कपलिंगवर मार्करने आडवी रेघ मारून ती तुटते का बघा, मग नटावर या. इथे गोळीचा काटा तीन शतांश हलला. लॉकनटचा सेट स्क्रू सुटलेला. पैसे खर्चून नवा बॉल स्क्रू मागवायच्या तयारीत होते, काम निघालं एका पान्याचं आणि दिलेल्या टॉर्कचं. उरलेली एक शतांश नटाची, ती पॅरामीटरमध्ये राहू दिली.

एलएम गाइडची, म्हणजे टेबल ज्या रेल आणि ब्लॉकवर सरकतं त्यांची अवस्था मात्र खरोखर वाईट होती. टेलिस्कोपिक कव्हर मागे सरकवून रेलवरून पांढरं फडकं फिरवलं. सोनेरी तेल लागलं तर सगळं ठीक. दुधाळ लागलं तर कुलंट आत येतंय. तांबूस लागलं तर तेल पोचत नाही, पोलाद पोलादावर घासतंय. इथे काळी पेस्ट लागली, बोटांत चोळली तर करकर. बीडाची भुकटी आणि तेल मिळून लॅपिंग पेस्टच होते ती, ब्लॉक आणि रेल दोन्ही खाते.

कव्हरचे वायपर (कडेच्या रबरी पट्ट्या) फाटलेले नव्हते. मग भुकटी गेली कशी? पाळी संपताना ऑपरेटरने माझ्यासमोर एअर गन उचलली आणि कव्हरच्या फटीत तोंड लावून फूं. सहा बारच्या हवेने भुकटी वायपरच्या ओठाखालून थेट रेलवर. विचारलं तर म्हणाला, "साफ तर करतोय की भाऊ." त्याचं काही चुकलं नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वायपर वरून पुसायला बनलेला असतो, आतून-बाहेरून फुंकणाऱ्या हवेला थोपवायला नाही. बीड चालणाऱ्या मशीनवर ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, एअर गन फक्त जॉबवर, आणि कव्हर, पॅनेलचं दार, मोटरचे कनेक्टर यांच्याकडे तिचं तोंडही करायचं नाही.

तेलाचंही एक बघा. लुब्रिकेशन युनिटचा गेज प्रेशर दाखवतो म्हणजे ब्लॉकला तेल मिळतं असं नाही. उलट, मीटरिंग कार्ट्रिज (प्रत्येक ब्लॉकला मोजून तेल सोडणारा छोटा भाग) तुंबली की प्रेशर छानच दिसतं. ब्लॉकजवळची नळी सोडा, पंपाचे दोन-तीन सायकल द्या, थेंब पडतो का बघा. एक्सच्या चार ब्लॉकपैकी एकाला थेंबही पडत नव्हता, आणि रेल सर्वात जास्त खराब तिथेच. तो ब्लॉक नवा टाकला, कार्ट्रिज चारही बदलल्या, रेल पुसून पुन्हा तेल भरलं.

हीटर बसवल्यापासून हा पावसाळा दुसरा. पॅनेलमध्ये कमाल-किमान आकडे लक्षात ठेवणारा साधा तापमान-ओलावा मीटर ठेवायला लावला होता, तो ऑपरेटर दर सोमवारी वाचून मला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. जुलैमधला सर्वात वरचा आकडा ६८. एकदाच ८१ आला. फोन केला तर कळलं, रंगकाम करणाऱ्याने हीटरचा एमसीबी खाली पाडून तिथे ग्राइंडर जोडला होता.